पाय उडतो

“मग तळव्याला डाग दिला की पाय उडतो कसा, मावशी?”

भिवाने तानूमावशीला अडवूनच विचारलं. गावाची मोडलेली हाडं ती चाळीस वर्षं बसवत होती. भिवा तिच्या हाताखाली सहा वर्षं होता. शिकला म्हणजे काय, बघून घेतलं. सातव्या वर्षी स्वतःलाच वैद्य म्हणवून घ्यायला लागला.

लवू माडावरून पडला. पाठीचा कणा गेला. मावशीने पाठीवरून हात फिरवला आणि तोंडावर सांगितलं, “कमरेखाली संपलं. कूस बदलत राहा, जखमा होऊ देऊ नका.”

भिवाला ते पटलं नाही. तो मागून गेला आणि लवूच्या बायकोला, इंदूला सांगून आला, रोज विळा तापवून तळव्याला लाव, पाय जागा होईल.

आज इंदूने नवसाचा कोंबडा दिला होता. भिवा तो काखोटीला मारूनच आला होता.

“आधी नुसतं लाकूड होतं,” तो म्हणाला. “आता रोज उडतो. गुडघ्यातून!”

“लवू ओरडतो?”

“नाही.”

“का नाही?”

“धीराचा गडी आहे.”

“तळवा बघितलास?”

“...जरा काळा पडलाय.”

“वास?”

“...येतो.”

“आण तो कोंबडा इकडे.”

मावशीने कोयतीच्या एका घावात मान उडवली. धड अंगणभर फडफडलं... मग निपचित पडलं. तिने मुंडी उचलून कुंपणापलीकडे टाकली.

“त्याच्या पायाला काटा टोच.”

“मेलाय तो.”

“मेल्या, टोच म्हणते ना!”

भिवाने लिंबाचा काटा मोडून घेतला. टोचला.

पाय आखडला. जोरात.

पुन्हा टोचला. पुन्हा आखडला.

“जा,” मावशी म्हणाली. “नेऊन दे इंदूला. म्हणावं, जागा होतोय.”

भिवाने तिसऱ्यांदा टोचला. या खेपेला काही हललं नाही. तो तरी टोचतच राहिला. शेवटी मावशीने त्याचं मनगट धरलं.

“दीड महिना...” तो म्हणाला. “दीड महिना ती बाई स्वतःच्या हाताने... मावशी, तिला काय सांगू मी?”

“तिला मी सांगते. तू लवूपुढे जाऊन बस.”

“लवूपुढे कशाला? त्याला कुठे काय दुखतंय?”

मावशीने त्याच्याकडे बघितलं.

“कमरेच्या वर त्याला सगळं दुखतं.”