कालकंकणाचे उदक

एका राज्यात कालकेतू नावाचा जादूगार वेळ सांगणारी सोन्याची कंकणे घडवी. कंकण सहज मिळत नसे. आधी त्याच्या न पेटणाऱ्या समया विकत घ्याव्या, वर्षानुवर्षे दारी मुजरे करावे, मग मर्जी झाली तर कंकण. तेही एका अटीवर. दुसऱ्याला विकले, तर विकणाऱ्याच्या घरातली वेळ थांबेल. दाम आपले आणि हुकूम त्याचा! तरी लोक रांगा लावीत.

भानजी अत्तरवाल्याने कंकण विकले. लेक तुळजा बाळंतपणाला आली होती, आणि वैद्याला बोलवायचे तर घरात विकण्याजोगे दुसरे काही नव्हते. तिला कळा सुरू झाल्या आणि वेळ थांबली. चुलीवरचे आधण उकळेना. दिव्यातले तेल सरेना. कळ थांबेना, बाळ येईना.

"बाबा, काहीतरी करा हो!"

भानजी अंगणात धावला.

छपरावर जादूगाराची साळुंकी बसली होती. ऐकलेले ती विसरत नसे, खोटे तिला बोलता येत नसे. ती म्हणाली, "धन्याच्या तीन आज्ञा. घेणाऱ्याचे नाव सांग. कंकण परत आण. पुन्हा न विकण्याची शपथ घे."

कंकण फिरत्या व्यापाऱ्याच्या हाती गेले होते. पुढचे नाव कोणाला ठाऊक? पण त्यात भानजीचा केवडा मुरला होता. त्या वासामागे तो धावला, तो थेट राजाच्या मनगटापाशी. राजाने सारे ऐकले आणि कंकण घेऊन स्वतःच निघाला.

अंगणात जादूगार वाट पाहत होता. "हातावर पाणी घे आणि शपथ बोल."

पाणी पाहताच भानजीला राज्याची रीत आठवली. विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या हातावर उदक सोडून 'माझे नाही' म्हणावे, तेव्हाच विक्री पुरी होई आणि वस्तूवरचा विकणाऱ्याचा हुकूम सुटे. कंकण मिळाल्याच्या आनंदात त्याचे तिकडे लक्षच गेले नव्हते.

"महाराज, यांनी मला देताना उदक सोडलेच नाही. साळुंकीला विचारा."

साळुंकीने त्या दिवसाचा शब्द न् शब्द म्हणून दाखवला. 'माझे नाही' त्यात नव्हते. इतर कोणाला कंकण देतानाही ते शब्द तिने ऐकले नव्हते.

राजा म्हणाला, "कालकेतू, उदक सोड. नाहीतर विक्रीच झाली नाही; आजवर सर्वांकडून घेतलेले दाम परत दे."

जादूगार बोटांवर दामांचा हिशेब करीत बसला. आत तुळजा कण्हत होती. लवकर रे देवा, लवकर, भानजी मनात म्हणत होता. अखेर जादूगाराने तांब्या उचलला. भानजीच्या तळव्यावर पाणी पडले.

"माझे नाही."

आधण उतू गेले. दिवा फडफडला. आत बाळ रडले.

सुईण दारात आली. "मुलगी झाली! जन्मवेळ कोणती सांगू?"

भानजीने सवयीने आपले मनगट पाहिले. ते रिकामे होते. राजाने स्वतःचे पाहिले आणि वेळ सांगितली.

भानजीच्या घरची वेळ सुटली, तशी अडल्या-नडल्या सर्वांची सुटो.