सोनारणीच्या बांगड्या

एका गावात एक सोनार राहत असे. त्याला दोनच काळज्या होत्या. एक सोन्याच्या वजनाची आणि दुसरी मरणाची. पहिल्या काळजीसाठी त्याच्याकडे काटा होता, दुसरीसाठी काहीच नव्हते.

त्याचे वडील भर चाळिशीत गेले होते. त्या दिवशी आईच्या हातातल्या बांगड्या फोडल्या, तो आवाज त्याच्या कानांतून कधी गेला नाही. म्हणून लग्न झाल्यावर त्याने बायकोसाठी स्वतःच्या हाताने सोन्याच्या चार बांगड्या घडवल्या आणि तिला म्हणाला, "या तुझ्या हातून उतरू देणार नाही. मी शंभर वर्षं जगणार."

सोनारीण हसली. "जगा की! पण आधी जेवायला चला, भात निवतोय."

पुढे एकदा एक बैरागी रुद्राक्षाची माळ चांदीत गुंफून घ्यायला दुकानात आला. वय नव्वदीच्या पुढचे, पण पाठ ताठ आणि दात शाबूत. सोनाराने काम बाजूला ठेवून विचारले, "महाराज, हे कसं जमलं?"

"पोट कधी भरू देत नाही," बैरागी म्हणाला. "भूक शिल्लक असतानाच उठतो. देह कमी झिजतो."

सोनाराला हायसे वाटले. बैराग्याला घर नव्हते, बायको नव्हती, त्याच्या पानाशेजारी दुसरे पान नव्हते, हे काही त्याने विचारात घेतले नाही. त्याने ऐकायचे तेवढे ऐकले.

दुसऱ्या दिवसापासून सोन्याचा काटा स्वयंपाकघरात आला. सहा तोळे तांदूळ, दोन तोळे डाळ, सकाळी तेवढे आणि संध्याकाळी तेवढेच. तूप नाही, गूळ नाही, सणाला पुरण नाही. लग्नाकार्याला गेला तरी हा आपला तांदूळ पुडीत बांधून नेई. लोकांनी चेष्टा केली, मग चेष्टेचा कंटाळा आला, मग कौतुक सुरू झाले. कारण सोनार खरोखरच हलका, चपळ दिसू लागला. दिवसभर गादीवर बसून नाजूक काम करणाऱ्या माणसाला तेवढे अन्न पुरत होते.

आता सोनारणीकडे पाहा, कारण सोनाराने पाहिले नाही. त्या काळी घरची बाई नवऱ्याचे जेवण झाल्यावर त्याच्याच ताटात वाढून घेई. ताट समोर आले की सोनारणीला त्याच्या मापाची आठवण होई. धनी अर्धपोटी उठलेले, आणि आपण त्याच ताटात पोटभर जेवायचे? तिला लाज वाटे. म्हणून तीही सहा तोळेच शिजवी. पण ती काही गादीवर बसून नव्हती. पहाटे जात्यावर दळण, मग नदीची चढण चढून पाण्याचे हंडे, मग सरपण, मग शेणसडा. कमी खायला तिला कोणी सांगितले नव्हते, पण नकोही म्हटले नव्हते. सोनाराने तिच्या पानात कधी डोकावलेच नाही.

दोन-तीन वर्षांनी ती त्याच्याकडे बांगड्या घेऊन आली. "अहो, सैल झाल्यात. पाणी भरताना नदीत पडतील एखादे दिवशी."

सोनाराने बांगड्या काट्यावर टाकल्या. वजन बरोबर भरले. "सोनं तर काही झिजलेलं नाही," तो समाधानाने म्हणाला. त्याने प्रत्येक बांगडीतून नखाएवढा तुकडा कापला, सांधा जोडला, आणि तुकडे एका डबीत ठेवले.

काही वर्षांनी ती पुन्हा आली, नंतर पुन्हा. प्रत्येक वेळी त्याने तुकडा कापला. जोड असा सुबक की कुठे दिसायचा नाही. गावात त्याच्यासारखा कारागीर नव्हता आणि त्याच्यासारखा आंधळाही नव्हता, मी तर म्हणेन.

शेवटी एक दिवस सोनारीण हंडा डोक्यावर असतानाच चढणीवर कोसळली. वैद्याने नाडी पाहिली, मग सोनाराकडे पाहिले. "हिला रोग नाही. हिला भूक आहे, कितीतरी वर्षांची. दूधभात द्या, तूप द्या, हळूहळू पोटभर जेवू द्या. अजून वेळ आहे."

शेजारणीने मऊ भात करून आणला, वर तुपाची धार सोडली. सोनार ताट घेऊन बसला. "जेव गं."

सोनारीण म्हणाली, "तुम्हीही या. आज एक दिवस माझ्यासंगं पोटभर जेवा. तुमच्या पानात भात दिसला ना, की माझ्याही घशाखाली उतरेल."

"अगं, बारा वर्षांचा नेम आहे. तो आज मोडू?"

"एकच दिवस."

सोनाराने भाताकडे पाहिले. त्याला तो वास आठवला. त्याचा हात ताटाकडे गेलाही. पण मग बारा वर्षे डोळ्यांसमोर उभी राहिली, सगळी मोजलेली, एकही दिवस न चुकलेला. त्याने हात मागे घेतला. "तू जेव. मी इथंच बसतो. हे मी तुझ्यासाठीच करतोय ना?"

"हो," सोनारीण म्हणाली. तिने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवले. पुढच्या दिवसांतही तेवढेच. आठवडाभरात ती गेली.

तिला मळवट भरला, हिरवे लुगडे नेसवले. बायका डोळे पुसत म्हणाल्या, "भाग्याची गं! नवऱ्याच्या आधी, अहेव गेली." सोनाराने तेही ऐकले. त्याने शब्द पाळला होता. बांगड्या तिच्या हातून उतरू दिल्या नव्हत्या.

त्या संध्याकाळी त्याने डबी उघडली आणि सगळे तुकडे ओळीने मांडले. त्यांची एक आख्खी बांगडी झाली असती. तेव्हा कुठे त्याला कळले की तो इतकी वर्षे काय कापत होता. तो मोठ्याने रडला. मग चुलीपाशी बसला, भांडेभर भात शिजवला, तूप ओतले आणि दोन पाने मांडून जेवायला लागला. चौथ्या घासाला त्याला उलटी झाली. इतक्या वर्षांत पोट भरणे विसरले होते. काटा त्याने नदीत टाकला, पण त्याचा हात आता काट्याशिवायही तेवढाच तांदूळ घेई.

आणि तो जगला. सत्तर, ऐंशी, नव्वद. रोज सकाळी जाग आली की त्याला वाईट वाटे. गाव त्याला हार घालायचे, पाया पडायचे.

एकदा लांबून एक तरुण जोडपे आले. नवरा म्हणाला, "आजोबा, मला तुमच्याएवढं जगायचंय. कसं जगायचं ते सांगा."

म्हाताऱ्याने डबी त्याच्या हातात ठेवली आणि सगळी हकीकत सांगितली, जशी मी तुम्हाला सांगितली तशी. शेवटी म्हणाला, "माझी जास्तीची वर्षं म्हणजे हे तुकडे. पाहून घे, आणि घरी जाऊन बायकोसंगं पोटभर जेव."

तरुणाच्या बायकोने डबीत पाहिले आणि नकळत आपल्या बांगड्या मुठीत धरल्या.

तरुणाने डबी परत दिली, म्हाताऱ्याच्या पाया पडला आणि अदबीने विचारले, "ते समजलं, आजोबा. पण तांदूळ सहा तोळे म्हणालात, तो सकाळचा की दोन्ही वेळचा मिळून?"

म्हाताऱ्याने डबी मिटली. पुढे कोणी आले तर तो दार उघडेनासा झाला.

तात्पर्य: आपले आयुष्य वाढवायला निघालेल्याने शेजारच्या पानात रोज डोकावून पाहावे. आपली वर्षे कोणाच्या ताटातून येत आहेत ते तिथेच दिसते, आणि उशिरा दिसले तर त्याचा काही उपयोग होत नाही.