एकसष्ट बुंधे आणि निर्भयराय राजा

एका राज्यात एक राजा होता. आईबापांनी मोठ्या हौसेने त्याचं नाव निर्भयराय ठेवलं, आणि तो जिला भ्याला नाही अशी एकही वस्तू त्या राज्यात उरली नाही. वारा आला की तो विचारी, कुठून आला? पाऊस थांबला की विचारी, कुणी थांबवला? प्रधान हसला तर राजाला वाटे, काहीतरी शिजतंय. आणि हसला नाही तर वाटे, शिजून झालं. अशा माणसाला राज्य का मिळतं हे मला विचारू नका. ज्याने दिलं त्याला विचारा.

एके दिवशी बागेतल्या बेहड्याच्या झाडाखाली राजाने प्रधानाच्या कानात एक गुपित सांगितलं. संध्याकाळच्या आत ते भाजीच्या पाट्यांसोबत बाजारभर फिरलं. राजाने प्रधानाला उलटसुलट विचारलं. प्रधानाने कुलदैवताची शपथ घेतली. मग उरलं कोण? राजाने वर पाहिलं. पानं हलत होती, आणि वारा तर नव्हता.

"झाडं फितूर आहेत," राजा म्हणाला. "उद्या दुपारच्या आत एकूण एक पाडा."

बाग येसू माळणीच्या ताब्यात होती. ती हात जोडून पुढे आली. "महाराज, झाड पाडायचं तर आदल्या दिवशी त्याला सांगतात. बुंध्याला हळदकुंकू लावायचं, मूठभर तांदूळ ठेवायचे आणि म्हणायचं, इथे जो कुणी राहत असेल त्याने उद्या ऊन चढायच्या आत दुसरं घर बघावं, आमच्यावर राग नसावा. एवढं तरी करू द्या."

"सांगितलं तर हेर पळून जातील."

"हेर नाहीत, महाराज. पाखरं आहेत."

"तू त्यांची बाजू का घेतेस?"

यावर कोण काय बोलणार? दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत एकसष्ट झाडं पडली आणि बागेत एकसष्ट बुंधे राहिले. कुणी गुडघ्याएवढा, कुणी कमरेएवढा. बेहडा तेवढा इतका जाड होता की खाली करवत पुरेना, म्हणून तो दीड पुरुष उंचीवर कापला.

त्या बेहड्याच्या बुंध्यातल्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी बसली होती. धनेशाची रीत अशी, की अंडी घालायच्या वेळी मादी ढोलीत शिरते, चिखलाने दार लिंपून घेते आणि चोच जाईल एवढीच फट ठेवते. आत ती आपली पिसं गाळते. मग तिला उडता येत नाही. नर फळं आणून भरवेल तेव्हा तिने खायचं. त्याने पाठ फिरवली तर ती संपली, हे तिला ठाऊक असतं, तरी ती जाऊन बसते. झाड कोसळताना ढोलीचं तोंड फुटलं, आणि मादी आणि दोन अंडी जागच्या जागी चिरडली गेली.

नर चोचीत उंबर घेऊन आला. त्याने पाहिलं. उंबर बागेत उभ्या असलेल्या राजाच्या पायाशी ठेवलं आणि माणसाच्या वाणीने तो बोलू लागला.

"राजा, तुझी लेक लाकूड होईल. पायांपासून वर, रोज तीन बोटं. लाकूड कंठाशी पोचलं आणि सूर्य मावळला, की ती बुंधा झाली."

राजाला एकच लेक. नाव बकुळावती, वय वर्षं दहा. त्याच वेळी महालातून तिची किंकाळी आली. तिच्या पायाच्या बोटांवर साल धरली होती.

"उतारा सांग," राजा म्हणाला.

"तीन बुंध्यांना तीन कामं दे. पहिल्याने थकल्याला टेकू द्यावा. दुसऱ्याने तहानलेल्याला पाणी द्यावं. तिसरं काम ती दोन झाल्यावर सांगेन. बुंधा मात्र एकही उपटायचा नाही."

आता दुसरा कुणी असता तर लगेच कामाला लागला असता. आमचा राजा विचार करत बसला, उपटायचा नाही असं हा का म्हणतो? मुळाखाली काही पुरलंय का? दरबारी मांत्रिकानेही मान डोलावली. तीन बुंधे उपटले. मुळाखाली माती निघाली. तासाभरात बकुळावतीचे पाय गुडघ्यांपर्यंत लाकूड झाले, आणि मांत्रिक मागच्या दाराने राज्य सोडून गेला.

मग येसूने पदर खोचला. फाटकाजवळच्या फणसाचा बुंधा सुताराकडून रंधून घेतला, त्याला करंजाचं तेल चोळलं, आणि वाटेवरच्या थकल्याभागल्यासाठी छान बैठक तयार झाली. राजाने तिथे दोन शिपाई उभे केले. कोण बसतो, का बसतो, कुणाच्या सांगण्यावरून बसतो, हे लिहून घ्यायला! सहा दिवस तिथे माशीसुद्धा बसली नाही. लाकूड बकुळावतीच्या कमरेला लागलं.

"आबा," ती म्हणाली, "शिपाई उभे असताना मी तरी बसले असते का?"

राजाने शिपाई काढले आणि स्वतः भिंतीआड लपला. जित्याची खोड, दुसरं काय! थोड्या वेळाने एक म्हातारा कासार आला, बांगड्यांचं ओझं उतरवून बुंध्यावर टेकला. राजा झेप घेऊन पुढे आला.

"का बसलास?"

"पाय दुखला, महाराज."

"आणखी काय कारण? खरं सांग."

कासाराने प्रामाणिकपणे विचार केला. "दुसराही दुखला."

पहिलं काम झालं. दुसऱ्यासाठी येसूने आंब्याचा बुंधा निवडला. मधोमध निखारे ठेवायचे, जळलेलं खरवडायचं, पुन्हा निखारे ठेवायचे. असं दोन दिवस करून तिने परातीएवढा खळगा पाडला आणि विहिरीचं पाणी भरलं. चार दिवस झाले. पाखरं भिंतीवर येऊन बसत, मान वाकडी करून बघत आणि तहानलेलीच उडून जात. येसूने काठावरून हात फिरवला, तर बोटात केसाएवढ्या बारीक धाग्याचं जाळं अडकलं.

"महाराज, हे पाणी आहे की सापळा?"

"दोन्ही," राजा म्हणाला. "पळालेले हेर परत येतील तेव्हा..."

"दोन्ही एकदम होत नाही. लेकीला आता नीट श्वासही घेता येत नाही, महाराज. जाऊन बघा."

राजा जाऊन पाहून आला. त्याने जाळं स्वतःच्या हाताने सोडवलं. पहिल्यांदा एक बुलबुल आला. मग खार आली. मग एक साप आला, पाणी प्याला आणि गेला. राजाने त्यालाही जाऊ दिलं, यावरून काय ते समजा.

बेहड्याच्या बुंध्यावर धनेश वाट पाहत होता. "तिसरं काम. या बुंध्याने घर द्यावं, आणि घरात तू राहावं. ढोलीत बस. दार लिंपून घे, फट तेवढी ठेव. तीन सूर्यास्त. जे हातावर येईल ते खायचं. कुणी दिलं, काय दिलं, विचारायचं नाही. विचारलंस किंवा दार फोडलंस, तर उतारा संपला."

"हे कारस्थान आहे," राजा ओरडला. "प्रधान गादी घेईल. माळीण विष घालेल. आणि तू तर माझा वैरीच."

"वैरी आहेच. बस किंवा बसू नकोस."

राजाने तलवार सोबत मागितली. धनेश म्हणाला, "ती पिसं गाळून बसते." तेव्हा राजाने तलवार, मुकुट आणि जोडे बाहेर काढून ठेवले आणि अनवाणी पायांनी आत शिरला. येसूने माती, शेण आणि तूस कालवून दार लिंपलं. चार बोटांची फट ठेवली.

पहिल्या दिवशी फटीतून हात आला, हातावर दोन उंबरं होती. राजाने ती हुंगली, फिरवली, पुन्हा हुंगली. शेवटी डोळे मिटून खाल्ली आणि पोट दुखायची वाट पाहत बसला. पोट दुखलं नाही. आणखी भूक मात्र लागली.

दुसऱ्या दिवशी अंधारात बसून तो स्वतःशीच कुजबुजू लागला. "आतापर्यंत प्रधान गादीवर बसला असेल. उत्तरेच्या बुरुजाखालची चोरवाट त्याला सापडली तर?"

बाहेरून येसूचा आवाज आला. "महाराज, जरा हळू. चोरवाट वेशीपर्यंत कळली."

"येसू, मी नेहमी असाच कुजबुजतो?"

"लहानपणापासून, महाराज. तुमची कुजबूज म्हणजे दवंडीच."

"मग कुणी सांगितलं का नाही?"

"सांगणारा फितूर ठरला असता."

राजाने तोंडावर हात दाबून धरला. स्वतःच्या आवाजापायी त्याने एकसष्ट झाडं पाडली होती, एक पाखरू आणि दोन अंडी मारली होती, आणि पोटची पोर लाकूड होत होती. त्याला इतकी लाज वाटली की तो रडला. तेही सगळ्या गावाने ऐकलं असणार.

तिसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही. सकाळ गेली, दुपार गेली. राजाने फटीला कान लावला. दूर कुणीतरी धावलं. कुणीतरी म्हणालं, "आता काय करायचं?" मग काहीच नाही. जुना संशय पायाच्या घोट्यापासून डोक्यापर्यंत चढला. बसला प्रधान गादीवर! मेली येसू, नाहीतर फितली! दाराची माती अजून ओली होती. एक लाथ पुरे होती. दार फोडलं तर तो जगणार, हे त्याला दिसत होतं. थांबला तर लेक जगेल, एवढी नुसती आशा होती.

राजाने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसला. "मारायचं तर मारा," तो म्हणाला. "मी इथेच आहे."

फटीतला उजेड पिवळा झाला, तांबूस झाला, विझला. आणि फटीतून एक हात आत आला. अंधारात तो कुणाचा हे दिसेना, हातावर काय आहे तेही दिसेना. राजाने विचारलं नाही. त्याने तोंड उघडलं.

बोटं ओठांना लागली. लहान होती, ऊन होती, आणि एका नखाला अजून सालीचा कपचा चिकटलेला होता.

"आबा, चावा ना," बाहेरून बकुळावती म्हणाली. "उंबर आहे. फोडून, किडे झटकून आणलंय."

राजाने चावलं, गिळलं, आणि त्या हाताची चारही बोटं धरून कितीतरी वेळ सोडली नाहीत.

मग उलगडा झाला. राजाचं अन्न आधी सात जणांनी चाखावं असा राजाचाच जुना हुकूम होता. तिसऱ्या दिवशी फाटकावर नवा पहारेकरी आला, हुकमाचा पक्का. सात जणांनी सात उंबरं चाखली आणि टोपली रिकामी झाली. बागेत तर झाड उरलं नव्हतं, म्हणून येसू नदीपलीकडे जाऊन पुन्हा टोपली भरून आणी, आणि सात जण पुन्हा चाखत. असं तीनदा झालं. चौथ्यांदा ती एक उंबर कनवटीला लपवून आली, तोवर सूर्य मावळला होता आणि महालाच्या पायऱ्या उतरून बकुळावती धावत येत होती.

धनेशाने चोचीने दार फोडलं. राजा बाहेर आला आणि मुकुटाकडे न बघता पक्ष्यापुढे वाकला. "तुझी मादी?"

"ती येणार नाही," धनेश म्हणाला, आणि उडून गेला. त्याचं दुःख कुणाला उतरवता आलं नाही, आणि मीही इथे खोटं सांगणार नाही.

पण राज्य ताळ्यावर आलं. चाखणारे सात जण बागेच्या कामाला लागले. येसूच्या हाताखाली कुठल्या बुंध्याचं उखळ झालं, कुठल्यावर सोंगट्यांचा पट कोरला, कुठल्यात माती भरून शेवंती लावली, आणि जे कुजले त्यांच्यावर अळंबी आली तीही कुणी तोडली नाही. प्रत्येक बुंध्याशेजारी एक रोप लावलं. बेहड्याची ढोली मात्र रिकामीच ठेवली, कुणी येईल म्हणून.

त्या राज्यात आजही वाटसरू फणसाच्या बुंध्यावर टेकला तर त्याला कुणी नाव विचारत नाही. पाणी विचारतात.