मावशीकडे गेलेला शिष्य

एकदा एक शिष्य आपल्या आचार्यांपुढे हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, मला एकट्याने डोंगर ओलांडायचा आहे."

आश्रमाच्या मागे डोंगरांच्या सात रांगा होत्या. तिथे ना गाव, ना धड वाट. नुसतं रान, कडे आणि धुकं. मनुष्यवस्ती थेट पलीकडच्या पायथ्याशी. ओलांडायला सात दिवस लागत आणि पाठीवर मावेल तेवढ्याच शिध्यावर ते काढावे लागत. आचार्य तरुणपणी तो प्रवास करून आले होते. गेल्या वर्षी थोरला शिष्यही करून आला होता, आणि तेव्हापासून पंक्तीत बसला की दुसरं काही बोलत नव्हता. वरणभात संपेपर्यंत त्याने पहिली रांग ओलांडलेली असे आणि ताक येईपर्यंत तो कड्याला लोंबत असे.

आपला शिष्य मात्र भित्रा म्हणून प्रसिद्ध होता. गोठ्यात एकदा वासराने मागून येऊन त्याचा हात चाटला, तेव्हा तो कडब्याच्या गंजीवर चढून बसला होता. त्या दिवसापासून सगळे त्याला भागूबाई म्हणत. सात रांगा एकट्याने ओलांडल्या की हे नाव कायमचं पुसलं जाईल, असं त्याने मनाशी धरलं होतं, आणि त्यात काही चूक होती असं मलाही वाटत नाही.

आचार्यांनी जप थांबवून त्याच्याकडे पाहिलं. "जा," ते म्हणाले. "पण एक अट आहे. मी परवानगी देईपर्यंत या प्रवासाबद्दल कोणालाही अवाक्षर सांगायचं नाही. कोणी विचारलं, तर मावशीकडे गेलो होतो म्हणायचं."

शिष्याची मावशी डोंगरापलीकडच्या गावात राहत असे; तिकडे डोंगराला वळसा घालून गाडीवाटही जात होती. "पण गुरुजी, ते खोटं होईल."

"डोंगर उतरलास की तिच्याकडे जेवून ये. म्हणजे खरं होईल."

"आणि सांगायचंच नसेल, तर जायचं कशाला?"

"ते मात्र आल्यावर मला सांग," आचार्य म्हणाले आणि पुन्हा जपाला लागले.

निघताना स्वयंपाक्याने मावशीसाठी लोणच्याची पुरचुंडी दिली. थोरला शिष्य म्हणाला, "गाडीवाटेनेच जा बरं. डोंगराकडे बघूसुद्धा नकोस, चक्कर येईल." शिष्य मूग गिळून बाहेर पडला आणि वळणाआड जाताच डोंगराला लागला.

पहिल्या दिवशी तो चालला कमी आणि बोलला जास्त, अर्थात मनातल्या मनात. कड्यापाशी पोचण्याआधीच कड्याचं वर्णन तयार असे. पाय घसरला की तो आधी वाक्य जुळवी आणि मग फांदी धरी. त्यामुळे दोन्ही गुडघे फुटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका अरुंद खिंडीत, दहा हातांवर, गवा उभा होता. पळायला जागा नव्हती. दोघे एकमेकांकडे पाहत उभे राहिले आणि थोड्या वेळाने गवा वळून कारवीच्या झुडपांत निघून गेला. शिष्य मटकन खाली बसला. श्वास ताळ्यावर येताच त्याच्या मनात पहिला विचार आला तो हा, की सांगायला एकच गवा फार कमी पडतो. संध्याकाळपर्यंत गवे तीन झाले होते आणि त्यातल्या एकाला त्याने काठीने हाकललं होतं.

मग त्याला मावशी आठवली. एवढा पराक्रम, आणि सांगायची चोरी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. न राहवून त्याने तीन गव्यांची हकिकत एका हिरड्याच्या झाडाला ऐकवून पाहिली. झाडाने दाद दिली नाही. चौथ्या दिवशी त्याला या रचनेचा कंटाळा आला. ऐकणारंच कोणी नाही, तर जास्तीचे गवे सांभाळायचे कोणासाठी? एक गळाला, मग दुसरा.

पाचव्या दिवशी धुकं उतरलं. हातातल्या काठीचं टोक दिसेना. एका खडकाला पाठ लावून तो बसला आणि रडला. चांगला हुंदके देऊन रडला. पाहणारं कोणी नव्हतं आणि पुढे कोणाला सांगायचंही नव्हतं, तेव्हा लपवायचं कारण उरलं नव्हतं. रडून झाल्यावर त्याने गुळाचा खडा तोंडात टाकला. भीती गेली नव्हती. पण भीती वाटत असतानाही बसता येतं, गूळ गोड लागतो, हे त्याला प्रथमच कळलं. आणि त्या पांढऱ्या शांततेत अचानक तो खिंडीतला गवा त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला, जसा होता तसा.

आठव्या दिवशी सकाळी तो मावशीच्या दारात पोचला. मावशीने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आरं, हे काय ध्यान? कुठं पडलास?"

"वाटेत, मावशी."

"गाडीवाटेनं माणूस असा सोलून निघतो व्हय? बस, हळद लावते."

तिने हळद लावली, पोट फुटेस्तोवर थालीपीठं खाऊ घातली आणि शेजाऱ्याच्या बैलगाडीतून त्याला परत धाडलं.

आश्रमात परतून तो पंक्तीत बसताच आचार्यांनी सर्वांदेखत विचारलं, "मावशी बरी आहे ना?"

"बरी आहे, गुरुजी."

"पाहुणचार झोकात झालेला दिसतो, गालफडं बसलीत," स्वयंपाकी म्हणाला. थोरल्याने गुडघ्यांकडे बोट दाखवलं. "मावशीच्या ओट्यावरून पडलास वाटतं?" सगळी पंगत हसली. मग थोरल्याने आपली गोष्ट सुरू केली. गवा कसा चाल करून आला आणि आपण त्याची शिंगं धरून त्याला कसा मागे रेटला. जेवण उरकून, हात धुऊन शिष्य तडक आचार्यांकडे गेला.

"गुरुजी, आता सांगू द्या. निदान गव्यापुरतं तरी."

"किती होते?"

"एक."

"पण त्या संध्याकाळी किती झाले होते?"

शिष्याची मान खाली गेली. "तीन."

"थोडेच म्हणायचे. माझे पाच झाले होते." आचार्यांनी माळ बाजूला ठेवली. "मला कोणी अडवलं नाही रे. पंक्तीत सांगितलं, पाहुण्यांना सांगितलं. लोक तोंडात बोटं घालत. चाळीस वर्षं सांगतो आहे. आता डोळे मिटले की पाच गवे दौडत येतात आणि पाचही माझ्याच तोंडचे असतात. खरा एकच होता, एवढं आठवतं. तो कसा होता, ते काही आठवत नाही. तू एकट्याने जायचं म्हणालास, पण तुझ्या पाठीवर अख्खी पंगत बसली होती. तिला खाली उतरवायला मला मावशीशिवाय उपाय सुचला नाही."

मग त्यांनी विचारलं, "तुझा कसा होता?"

"पाय गुडघ्यापर्यंत पांढरे होते," शिष्य म्हणाला. "एका कानाची कड फाटलेली. चरताना थबकला होता, तोंडात गवताची काडी तशीच राहिली होती. चावायचं विसरला होता. गुरुजी, तो मला घाबरला होता."

"आणि तू?"

"मी त्याच्याहून जास्त."

आचार्य डोळे मिटून ऐकत होते. त्यांना त्या क्षणी शिष्याचा हेवा वाटला आणि आनंदही झाला. "आता तू मोकळा आहेस," ते म्हणाले. "कोणालाही सांग."

बाहेर ओसरीवर सुपारी कातरत मंडळी बसली होती. थोरल्याची शिंगं अजून सुटली नव्हती. "या भागूबाई," तो म्हणाला, "मावशीने गवे पाळलेत का?"

शिष्याच्या जिभेवर सगळं होतं, आणि आता परवानगीही होती. पण थोरल्याकडे पाहताना त्याला एकाएकी वाईट वाटलं. हाही त्या खिंडीत थरथरत उभा राहिला असेल, आणि याला अट घालणारं कोणी भेटलं नव्हतं.

"दादा," त्याने विचारलं, "तुम्ही शिंगं धरलीत, तेव्हा तो काय करत होता?"

"कोण?"

"गवा."

थोरल्याने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. वर्षभरात हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

"उभा होता," तो हळूच म्हणाला. "नुसता उभा होता. माझ्याकडे बघत."

शिष्य त्याच्या शेजारी सरकून बसला.