पाण्यात दूध

एका गावच्या डेअरीत मुकिंदा नावाचा भोळा प्रोग्रामर होता. काट्यावर कॅन ठेवला की दूध आणि त्यातला फॅट मोजून पावती देणारा प्रोग्राम त्याचाच. प्रोग्राम खरं सांगायचा, पण सावकाश. रांग सरेपर्यंत ऊन चढायचं आणि मागच्यांचं दूध नासायचं.

डेअरीच्या चेअरमन गोदाअक्का म्हणाल्या, "मुकिंदा, तालुक्यात शर्यत आहे. ज्या डेअरीचा प्रोग्राम सगळ्यात झटपट, तिला दूध गार ठेवायची टाकी बक्षीस. आपल्याला ती टाकी पायजेच."

"आणू की."

"मग रोज रिकाम्या कॅनचं वजन कशाला घेतोस? एकदा मोजलेलं परत मोजू नये. ध्यानात ठेवावं."

"बरं अक्का."

दुसऱ्या दिवशी रांग भराभर सरली. अक्का खूश. तेवढ्यात हौसाबाई आल्या. "अक्का, म्हैस आटली माझी. रिकामा कॅन ठेवला तरी पाच लिटरची पावती आली."

"काल मोजलं होतं की," मुकिंदा म्हणाला. "ध्यानात ठेवलं."

अक्कांनी कपाळाला हात लावला. "अरे, दूध रोज मोजायचं. आणि रिकामं काही आलं तर वेळ घालवू नको, सरळ बाहेर ढकल."

"बरं अक्का."

दुसऱ्या दिवशी शर्यतीचे साहेब नाव नोंदवायला आले. मुकिंदानं त्यांना ढकलत ढकलत फाटकाबाहेर नेलं.

"रिकाम्या हातानं आले होते," तो म्हणाला.

अक्कांनी साहेबांना चहा पाजून कसंबसं शांत केलं. मग मुकिंदाला बजावलं, "साहेब काट्यावर ठेवतील तेच बरोबर. बाकी सगळं चूक. कळलं?"

मुकिंदाला कळलं. हेच तर वाईट झालं.

चाचणीत दूध कशाला नासवा, म्हणून साहेबांनी सगळ्या कॅनमध्ये पाणी भरलं होतं. मुकिंदानं ते आदल्या दिवशीच पाहिलं. पाण्याचा फॅट काढायचा नसतो, म्हणून फॅट काढणारा भाग त्यानं पुसला. पाण्याला जे जे लागत नाही ते सगळं पुसलं. उरलेला प्रोग्राम असा पळाला की साहेबांना घड्याळाचं बटण दाबायलाही सवड मिळाली नाही. तालुक्यात पहिला नंबर. टाकी वाजतगाजत गावात आली. अक्कांचे डोळे भरून आले.

सकाळी रांग लागली. पहिल्या कॅनची पावती निघाली: 'पाण्यात दूध मिसळलेले आढळले. परत न्या.'

दुसऱ्याची तीच. तिसऱ्याचीही तीच.

"अक्का," मुकिंदा हळूच म्हणाला, "सांगायला वाईट वाटतं, पण अख्खं गाव भेसळ करतंय."

त्या दिवशी एकच कॅन पास झाला, भांडी विसळायला भरून ठेवलेला. मुकिंदानं तो नव्या टाकीत ओतला आणि गार करायला लावला.