घंटेकडे पाठ

एकदा एक शिष्या समुद्राच्या तळाशी असलेली एक अफवा तपासून पाहायला निघाली.

भूमध्य समुद्रातील एका लहानशा बेटाची ही गोष्ट. बेटाभोवतीचे पाणी कायद्याने राखलेले होते. तिथे जाळे टाकायचे नाही, नांगर सोडायचा नाही, तळावरचा शिंपलाही उचलायचा नाही, असा दंडक असल्यामुळे नौका तरंगत्या बोयांना बांधाव्या लागत. बेटावर वस्ती अशी नव्हतीच. पाइन वृक्षांच्या सावलीत रक्षकांचे एक दगडी घर होते आणि त्या घरात एक वृद्ध आचार्य राहत. पूर्वी ते विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवीत असत. पुढे खोल पाण्यात माणसाच्या देहाचे आणि बुद्धीचे काय होते, या प्रश्नाने त्यांना असे धरले की ते या बेटावर आले आणि इथलेच झाले. पाठीवर हवेची टाकी बांधून खाली जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तयार केलेल्या वाटाड्याबरोबरच जावे लागे.

शिष्येला असे वाटाडेपण हवे होते. त्यासाठी तिने किनाऱ्यावरची चांगली अध्यापकी सोडली होती, घरच्यांचा रोष पत्करला होता. समुद्रविज्ञान तिला मुखोद्गत होते आणि पुराव्यावाचून काही मानायचे नाही, हा तिचा बाणा होता. आता एकच परीक्षा उरली होती. पश्चिमेच्या कड्याखाली 'आस्तेरिया' नावाचे एक जुने मालवाहू जहाज बुडालेले होते. आचार्यांबरोबर तिथवर जाऊन परत यायचे. आचार्य या हंगामानंतर पाण्यात उतरणार नव्हते, त्यामुळे ही संधी हुकली तर पुन्हा येणार नव्हती.

त्या जहाजाविषयी वाटाड्यांमध्ये एक समजूत होती. आस्तेरियाची घंटा अजून वाजते, असे ते म्हणत. ती कोणाला ऐकू आली, की त्याने अंगठा वर करायचा आणि सर्वांनी निमूट वर यायचे. का म्हणून कोणी विचारायचे नाही. शिष्येला या रिवाजाचे हसू येई. प्रवाहाने घंटेचा लोलक हलत असेल किंवा लोकांच्या मनात भीती हलत असेल; दोहोंपैकी कोणते, एवढेच तिला पाहायचे होते.

"काय पंडिताबाई," बोयाला नौका बांधताना नावाडी म्हणाला, "घंटा ऐकायला चाललात, की तिचा आवाज वजन करून आणायला?"

"ती हलते का, ते पाहायला," शिष्या म्हणाली.

"पाहा बापडं. आमच्या गावच्या चर्चमधला संत तरी कुठे हलतो? पण अख्खं गाव चालवतो."

आचार्य हसले आणि पाण्यात उतरले.

खाली जाताना प्रथम रंग निरोप घेतात. लाल आधी मावळतो, मग नारिंगी, मग पिवळा. शेवटी, हातातला दिवा लावला नाही तर, निळसर राखाडी एवढेच उरते. हे ती बेटावर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला नौकेतच समजावून सांगत असे. खोल पाण्यात बोट कापले तर रक्त शेवाळी दिसते, असे सांगून त्यांना थोडे दचकवीतही असे. समुद्री गवताची कुरणे वर राहिली. कडा सरळ खाली गेला आणि त्याच्याबरोबर ते दोघेही.

तिथे मासे भेटले. आपल्या किनाऱ्यावर ज्याला हेकरू म्हणतात त्याच कुळातले, परंतु माणसाच्या धडाएवढे. राखीव पाण्यात त्यांच्या कित्येक पिढ्यांना गळ ठाऊक नव्हता, म्हणून ते पळाले नाहीत. हातभर अंतरावर थांबून, एक डोळा किंचित वळवून पाहत राहिले. भय नसलेल्या प्राण्याची नजर सोसणे अवघड असते. आपण जिवंत आहोत की वाहत आलेले काही, याविषयी त्या नजरेला कसलेच मत नसते.

मग जहाज दिसले. एका कुशीवर कललेले, झोपलेल्या माणसाइतके शांत. आणि त्याच सुमारास तिला घंटा ऐकू आली.

एक ठोका. दीर्घ शांतता. पुन्हा एक. पाण्यात आवाजाला दिशा नसते; तो समोरून येत नव्हता, पाठीमागूनही नाही, दातांच्या मुळांतून येत होता. तिला अंगठ्याची आठवण झाली आणि त्याच क्षणी त्या आठवणीचा रागही आला. तिने डोळे बारीक करून पाहिले. जहाजाच्या पुढच्या टोकाशी, नाळेजवळच्या तुळईला घंटा टांगलेली होती. तांबूस, कालच कोणी घासून ठेवल्यासारखी. ती तसूभरही हलत नव्हती. नाद मात्र चालूच होता.

शिष्येच्या बुद्धीत एकाएकी लख्ख उजाडले. घंटा स्थिर आहे, म्हणजे ती वाजत नाही. जे ऐकू येते ते भ्रम. प्रश्न सुटला. इतके स्वच्छ विचार आपण आजवर कधीच केले नव्हते, असे तिला वाटले. सभोवतीचे मासे तिच्याकडे तोंड करून थांबले होते. तेही ऐकत आहेत, हे तिला अगदी स्वाभाविक वाटले. आपल्याच उच्छ्वासाचे बुडबुडे फार गलबला करीत होते, म्हणून तिने ते क्षणभर थांबवले. घंटा दोन हातांवर होती.

तेवढ्यात तिला आचार्य दिसले. ते घंटेकडे पाठ करून उभे होते. एकदा मनगटावरच्या मापकाकडे आणि एकदा तिच्या चेहऱ्याकडे, एवढेच ते पाहत होते. त्यांनी अंगठा वर केला. तिने आनंदाने घंटेकडे बोट दाखवले. त्यांनी मान वळवून पाहिलेसुद्धा नाही. तिच्या खांद्यावरचा पट्टा घट्ट धरला आणि दोरीच्या आधाराने, थांबत थांबत, तिला वर आणले.

नावाड्याने हात देऊन तिला नौकेत घेतले. "वाजली?"

"वाजायला आधी हलावं लागतं, दादा!" ती विजयाने म्हणाली. पण आचार्यांनी आपल्याला शेवटच्या दोन हातांवरून का ओढून आणले, हे तिला कळेना आणि ते मनात सलत राहिले.

घराच्या अंगणात आल्यावर आचार्यांनी विचारले, "खाली काही ऐकलंस?"

शिष्या थबकली. ऐकले म्हणावे, तर वाटाडेपण हातचे जाईल. भित्र्यांच्या यादीत आपणही जाऊ. आणि जो भ्रम असल्याचे तिने स्वतःच सिद्ध केले होते, तो सांगायचा तरी कशाला?

"नाही," ती म्हणाली.

"काही पाहिलंस?"

"घंटा पाहिली. स्वच्छ पाहिली. ती हलत नव्हती, आचार्य. तुम्ही एकदा वळून पाहिलं असतंत तर तुमचीही खात्री पटली असती."

"रंग कसा होता?"

"तांबूस. सोन्याकडे झुकणारा."

"दिवा लावला होतास?"

"नाही. गरजच पडली नाही, इतकी ती..." आणि तिचे शब्द तिथेच खुंटले. लाल आधी मावळतो, मग नारिंगी, मग पिवळा. तिचेच वाक्य, तिच्याच आवाजात, तिला ऐकू आले.

आचार्य कोपऱ्यातले फावडे घेऊन अंगणाच्या मध्यभागी गेले. तिथे एक कुंडी गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेली होती आणि तीत तुळशीच्या गोत्रातले एक सुगंधी रोप वाढत होते. आल्या दिवसापासून त्याला पाणी घालण्याचे काम शिष्येकडे होते. आचार्यांनी कुंडीभोवतीची माती मोकळी केली, रोप मुळांसकट अलगद उचलून बाजूला ठेवले आणि नावाड्याला हाक मारली. दोघांनी मिळून ती कुंडी बाहेर काढली आणि पालथी केली.

ती घंटा होती. काळवंडलेली, हिरवट पुटे चढलेली. जिथे लोलक अडकवायचा तिथे नुसते भोक होते. रोजचे पाणी त्यातून निथळत असे. आचार्यांनी ओल्या फडक्याने तिची कूस पुसली. एकेक अक्षर वर आले: आस्तेरिया.

शिष्या खाली बसली. ऊन होते, तरी तिच्या दंडावर काटा उभा राहिला.

"तुझ्या जन्माआधी, हे पाणी राखीव होण्याआधी, ती वर काढलेली आहे," आचार्य म्हणाले. "त्या तुळईला आज शेवाळाखेरीज काही नाही."

"पण मी पाहिली..." तिचा आवाज बारीक झाला. मग धीर करून ती म्हणाली, "आणि ऐकलीसुद्धा. मघाशी मी खोटं बोलले."

"ते मला ठाऊक आहे, पोरी. तू श्वास रोखून ऐकत होतीस."

"क्षणभरच."

"क्षणभर? मी चाकूच्या मुठीने तुझ्या टाकीवर ठोकलं. पुन्हा पुन्हा ठोकलं. ऐकलंस?"

तिने नकारार्थी मान हलवली. तिने ते ऐकलेच नव्हते. जे नव्हते ते ऐकले, आणि कानाशी जे धातूवर धातू आपटत होते ते मात्र नाही.

"दाबाखाली हवेतला नायट्रोजन मद्यासारखा चढतो, हे तू लोकांना शिकवतेस," आचार्य म्हणाले. "मद्य प्यालेल्याला निदान आपले पाय लटपटतात हे तरी कळतं. खाली उलटं होतं. बुद्धी विझत जाते आणि विझताना लख्ख उजेड पडल्याचा भास देते. तुला अफवा कानाची ठाऊक होती, म्हणून कानावर तू पहारा बसवलास. डोळ्यांवर बसवला नाहीस, कारण डोळ्यांविषयी कोणी अफवा सांगितली नव्हती. दार आवळून धरलंस आणि खिडकीतून फसलीस."

"मग तुम्ही मला आधीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर कदाचित तुला ती दिसली नसती. मग आपली नजर फसत नाही अशा विश्वासाने तू माणसांना खाली नेलं असतंस. जिला घंटा कधी ऐकूच आली नाही, तिच्याबरोबर मी कोणाचा जीव पाठवत नाही."

शिष्येने विचारले, "तुम्ही पाठ केली होतीत. तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

"येते. दर वेळी येते. ही घंटा माझ्या अंगणात आहे, हिच्यात मी रोप लावलं आहे, तरी तिथे ती वाजते आणि वळून पाहिलं तर दिसतेही. कळल्याने घंटा थांबत नाही. वर कधी यायचं, एवढं कळतं. अंगठ्याचा रिवाज भित्र्यांनी घातलेला नाही. आपली खात्री कुठे कुजते हे ज्यांना माहीत होतं, त्यांनी वर कोरड्यात, शुद्धीत बसून तो ठरवला. खाली गेल्यावर ठरवायचं काही शिल्लक ठेवायचं नसतं."

मग ते उठले आणि घंटा जागेवर पुरून रोप पुन्हा तीत लावू लागले. "उद्या एक व्यापारी येणार आहे. त्याला तू घेऊन जा."

"मी? आजच्या या प्रकारानंतर?"

"आजच्या या प्रकारामुळेच."

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. भरघोस, हसरा, उमदा गृहस्थ. आयुष्यात आपला अंदाज कधी चुकला नाही, हे त्याने नौकेत बसता बसताच सांगून टाकले. "तर मग घंटेला तुमचाच अंदाज घेऊ द्या, मालक," नावाडी म्हणाला. शिष्येने व्यापाऱ्याला अंगठ्याचा नियम सांगितला, त्याच्याकडून वदवून घेतला आणि दोघे उतरले.

रंग गेले. हेकरू आले, थांबले, पाहत राहिले. जहाज दिसले.

एक ठोका. दीर्घ शांतता. पुन्हा एक.

घंटा त्या तुळईलाच होती, कालच्याहून स्पष्ट. अक्षरेसुद्धा वाचता येत होती. रोपाला सकाळी पाणी घातल्याची ओल अजून तिच्या बोटांना आठवत होती, तरीही घंटा तिथे होती. आजची तेवढी खरी असेल, असा एक अतिशय वाजवी विचार तिच्या मनात आला. तो इतका वाजवी होता, की तिला त्याची भीती वाटली. ती वळली, घंटेकडे पाठ केली. मानेवर कोणाची तरी नजर टेकली आहे असे तिला वाटत राहिले, पण ती मापकाचे आकडे वाचत राहिली, श्वास सोडत राहिली आणि तिने अंगठा वर केला.

व्यापाऱ्याने नकारार्थी मान हलवली आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे बोट दाखवले. काचेआडचे त्याचे डोळे आनंदाने भरून आले होते. तो तिला ओलांडून पुढे सरकला, तोच तिने त्याचा पट्टा धरला. त्याने हिसडा दिला, तरी तिने तो सोडला नाही.

नौकेत चढताच तो कडाडला, "हातभर राहिली होती, बाई! बोटं लागलीच होती! तुम्ही तर तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. इतकं घाबरायचं होतं तर हा धंदा धरलात कशाला?"

"रंग कसा होता तिचा?" शिष्येने विचारले.

"सोन्यासारखा! झगझगीत!"

नावाड्याने तिच्याकडे पाहिले. तिने मनगटावरचे पाणी पुसले. तिथे सोनेरी रंग उरतच नाही, हे व्यापारी ऐकून घेईल अशा वेळी सांगावे, असे तिने मनाशी ठेवले.

अंगणात कॉफी आली. व्यापारी अजून धुमसत होता. बोलता बोलता त्याने कप बाजूच्या कुंडीच्या काठावर आदळला. मातीने भरलेल्या धातूतून बद्द असा आवाज आला आणि पाने थोडी हलली.

"छे!" तो म्हणाला. "ती कशी वाजत होती!"

आचार्यांनी शिष्येकडे पाहिले. ती झारी घेऊन आली आणि रोपाच्या मुळाशी सावकाश पाणी घालू लागली.

जिथे आपल्याला सर्वाधिक उजेड वाटतो, तिथे हातातला दिवा खरोखर लावलेला आहे का, एवढे ज्याने त्याने एकदा पाहून घ्यावे.