कासारणीने आणलेला निरोप

हेळगावचे जहागीरदार रायाजीराव मनाने उदार, पण समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देतील तर शपथ! एके दिवशी गोदू कासारीण त्यांच्या सदरेवर आली. त्यांच्या लेकीला, सगुणेला, सासरी बांगड्या भरून ती तिचा निरोप घेऊन तीन कोस चालत आली होती.

"सरकार, ताईसाहेबांनी सांगितलंय..."

"शालू हवा असेल! उद्याच धाडतो."

"शालू नव्हे, सरकार. त्या म्हणाल्या..."

"मग पाटल्या! सोनाराला बोलवा रे!"

गोदूला सगुणेचे भरून आलेले डोळे आठवले. बांगड्यांचं गाठोडं उचलून ती उठली.

"येते, सरकार."

"अगं, आणि निरोप?"

"तुमचा पोचवते की! त्यांचा सांगायला तुम्ही जागाच कुठं ठेवलीत?"

रायाजीराव ओशाळले. हलक्या आवाजात म्हणाले, "बस बाई. सांग. आता मी मध्ये बोलणार नाही."

"त्या म्हणाल्या, आबांना सांग, काही पाठवू नका. एकदा या, आणि मी बोलेन तेवढं ऐकून घ्या."

दुसऱ्याच दिवशी रायाजीराव लेकीच्या घरी जाऊन बसले. सगुणा मनात साठलेलं सांगत राहिली. ती अडखळून थांबली, की बाप एवढंच म्हणे, "मग?"